जुवाखालचं जेवण

परवा आमच्या टीमचं जेवण होतं. तिमाही संपली, आकडे बरे आले, म्हणून वरून खर्च मंजूर झाला. जागा ठरली पुण्याबाहेरचं एक 'अस्सल गावरान' हॉटेल. दारात बैलगाडीचं चाक, आत शेणाने सारवल्यासारखा रंगवलेला सिमेंटचा कोबा, कोपऱ्यात पितळी घागरी, वेटरांच्या डोक्यावर फेटे. चौदा जणांचं लांब टेबल आणि त्याच्या बरोबर वर, छताला साखळ्यांनी टांगलेलं एक जू. शिवळा, म्हणजे खुंट्या, घालायला जुवाला चार भोकं असतात, त्यांतून वायरी ओवून चार पिवळे बल्ब लोंबत सोडलेले.

शेजारी बसलेल्या दादरच्या मुलीने वर बघत विचारलं, "सर, हे काय आहे? वल्हं?"

मला चेवच आला. वल्हं नाही गं, जू. दोन बैलांच्या मानेवर ठेवतात. या भोकांत शिवळा घालायच्या, म्हणजे बैलाला मान बाजूला काढता येत नाही. मधोमध नांगराची दांडी बांधायची. मागे रुमणं, तो नांगर धरायचा दांडा. हातात कासरा. मी बोलत राहिलो, सगळे ऐकत राहिले. साहेब बोलत असताना पिठल्याला हात कसा लावायचा, या पेचात ते आहेत हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

तेवढ्यात आमच्याहून वरचे साहेब ताकाचा पेला उंचावून उभे राहिले. इंग्रजीतच बोलले. मथितार्थ असा, की मी तुम्हाला टीम मानत नाही, तुम्ही माझं कुटुंब आहात. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. सव्वीस वर्षांच्या नोकरीत हे वाक्य मी चार कंपन्यांत ऐकलं आहे, आणि त्यातल्या दोन ठिकाणी त्यानंतर वर्षाच्या आत माणसं कमी केली गेली. एकदा त्या कमी केलेल्यांत मी होतो.

घरी येऊन शब्दकोश काढला. 'टीम' हा शब्द मी रोज किती वेळा उच्चारत असेन, देव जाणे. मराठीत तो इतका मुरलाय की आपण त्याला लिंगसुद्धा देऊन टाकलंय. संघ तो, पथक ते, टीम मात्र ती. पण तो आला कुठून, हे कधी बघितलं नव्हतं. बघितलं, आणि डोक्यावरचं ते जू आठवून एकट्यालाच हसू आलं.

जुन्या इंग्रजीत, म्हणजे हजारेक वर्षांपूर्वी इंग्लंडात जी बोलत त्या भाषेत, 'टीम'चा अर्थ होता संतती. पिलावळ, वंश, लेकरं होणं. एका पोटची सगळी ती टीम. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ होता एका जुवाला जुंपलेली जनावरं. दोन बैल, चार बैल, आठ बैल, जितके एका नांगराला लागतील तितके. माणसांच्या गटाला तो शब्द सरसकट चिकटला नंतर, सोळाव्या शतकाच्या सुमाराला. खेळाच्या मैदानावर आणि कचेरीत तर फारच उशिरा. पिल्लांनी, माणसांनी, किड्यांनी एखादी जागा बुजबुजून गेली की इंग्रजीत 'टीमिंग' म्हणतात, तोही त्याच वेणाचा भाऊ. म्हणजे आमचे साहेब 'टीम नव्हे, कुटुंब' असं जे म्हणाले, ते नकळत एकच गोष्ट दोनदा म्हणाले होते. फक्त कुटुंब या अर्थाच्या पाठोपाठ जूही येतं, तेवढं त्यांनी सांगितलं नाही.

या शब्दाचं मूळ आणखी खाली खणलं तर ओढणं, पुढे घेऊन जाणं या अर्थाच्या धातूपाशी पोचतं. लॅटिनमध्ये त्याच मुळापासून 'डुकेरे' हे क्रियापद झालं आणि त्याची पोरंबाळं जगभर पसरली. पुढे चालणारा तो ड्यूक. अंगातलं बाहेर ओढून काढतं ते एज्युकेशन. हवा ओढून नेतो तो डक्ट. आणि सगळ्यांना बरोबर घेऊन जातो तो कंडक्टर. एसटीत घंटीची दोरी ओढणारा कंडक्टर आणि शेतात नांगर ओढणारी टीम, ही लांबची का होईना, भावकी निघते.

आपल्याकडचं जू मात्र वेगळ्या घराण्यातलं. संस्कृतातलं 'युग' झिजत झिजत मराठीत 'जू' झालं. इंग्रजीतला 'योक' तोच, लॅटिनमधला 'युगुम' तोच. योग, योजना, उद्योग, आयोग, सहयोग, सगळे युज् या धातूचे, म्हणजे जुंपण्याचे. नियोजन आयोग म्हणताना आपण दोनदा बैल जुंपतो. धुरंधर म्हणजे धुरा वाहणारा, गाडीच्या किंवा नांगराच्या पुढच्या टोकाला मान देणारा बैल. पुढाऱ्यांच्या सत्काराला 'राजकारणातील धुरीण' असं छापतात, तेव्हा छापणाऱ्याच्या आणि सत्कारमूर्तीच्या मनात असं काही नसतं, पण शब्द बरोबर मानेवर बसलेला असतो.

बाराव्या शतकाच्या अखेरीला जेराल्ड नावाच्या एका पाद्र्याने वेल्सचं वर्णन लिहिलं, त्यात नांगरटीचं एक चित्र आहे. बैल हाकणारा माणूस बैलांच्या मागे नाही, पुढे चालतो. तोही उलटा. तोंड बैलांकडे, पाठ वाटेकडे. उलटं चालताना ढेकळाला अडखळून तो पडतो आणि बैल अंगावर येतात, अशी तक्रार जेराल्डने नोंदवून ठेवलीय. या माणसाला वेल्श भाषेत 'गेइलवाद' म्हणत, म्हणजे हाक मारणारा. तो बैलांसाठी गायचा.

आपल्याकडे औतावरची गाणी आहेत, मोटेवरची आहेत, पण बैलांकडे तोंड करून उलटं चालणारा माणूस मी ऐकला नव्हता. बैलांचे डोळे बघत चालायचं म्हणजे कोण थकलाय, कोण अंग चोरतोय, लगेच कळत असणार. मागून दिसतात त्या फक्त शेपट्या.

त्या काळच्या इंग्लंड-वेल्समध्ये जड जमिनीला आठ बैलांचा नांगर हा हिशेब धरलेला असे. विल्यम राजाने १०८६ साली सगळ्या राज्याची जी मोजदाद करवली, तिच्यात गावोगावच्या नांगरांची संख्या आहे, आणि एक नांगर म्हणजे आठ बैल असं साधारण धरलं जाई. जमीनसुद्धा बैलांवर मोजत. एका बैलाच्या वाट्याची जमीन तिला 'ऑक्सगँग' म्हणत. आठ ऑक्सगँग झाले की एका नांगराची जमीन पुरी. बैलांची टीम एका दिवसात नांगरू शकेल ती जमीन म्हणजे एकर. न थांबता एका दमात काढलेल्या नांगराच्या सरीची लांबी ती फर्लांग. आमच्या आजीच्या तोंडी 'फर्लांगभर' हा शब्द असायचा, तिला तो कुठल्या बैलांनी आणून दिला ते कुठे ठाऊक होतं.

थोडं विषयांतर होतंय, पण क्रिकेटवेड्यांसाठी करतो. एकराची लांबी एक फर्लांग, म्हणजे २२० यार्ड. रुंदी २२ यार्ड. तीच जमीन मोजायची साखळी, तीच खेळपट्टीची लांबी. क्रिकेटची टीम ज्या २२ यार्डांवर पळते, ते बैलांच्या टीमने ठरवलेल्या एकराच्या रुंदीएवढे आहेत. आणि ज्या गुंठ्यासाठी आपल्याकडे सख्खे भाऊ कोर्टात उभे राहतात, तो ३३ फूट गुणिले ३३ फूट, म्हणजे अर्ध्या खेळपट्टीएवढी बाजू असलेला चौकोन. असे चाळीस झाले की एक एकर.

कोर्टावरून तात्या आठवले. तात्या म्हणजे माझे आजोबा. बार्शीहून येरमाळ्याकडे जाताना बालाघाटचे डोंगर लागतात, त्या अंगाला आमचं गाव. त्यांच्या वडिलांच्या काळात काळ्या रानाला सहा बैली नांगर लागायचा. हरळी आणि कुंदा मुळासकट काढायचा तर उन्हाळ्यात तेवढी ताकद हवीच. सहा बैल एका घरात फार थोड्यांकडे. तात्यांकडे होती एकच जोडी, आणि १९७२च्या दुष्काळात त्यातला एक बैल चाऱ्याअभावी विकावा लागला. राहिला एक. एका बैलाने काय होतं? काहीच होत नाही. एका बैलाला अर्धं औतसुद्धा ओढता येत नाही.

तात्यांच्या बांधाला बांध लागून एकांचं रान होतं. त्यांचाही एकच बैल उरलेला. पण या दोघांचं बांधावरून भांडण. साधं नाही, कळंबच्या कोर्टात दावा चालू. आधी कोणी बांध कोरला, यावर दोन्ही घरांची दोन पुराणं. दोन्ही घरांतल्या बायका विहिरीवर एकमेकींना बघून कळशी उचलून निघून जायच्या.

पाऊस झाला आणि त्या दोघांनी पैरा केला. आमच्याकडे पैरा म्हणतात, आणखी कुठे सावड म्हणतात, कुठे वारंगुळा. एक बैल तुझा, एक माझा. एक दिवस तुझ्या रानात, एक दिवस माझ्या. कागद नाही, साक्षीदार नाही. हा पैरा तीन वर्षं चालला आणि दावाही तीन वर्षं चालला. तारखेला दोघं एकाच एसटीने कळंबला जायचे, वेगवेगळ्या बाकांवर बसून. कोर्टात एकमेकांचे वकील एकमेकांना खोटं पाडायचे. संध्याकाळी त्याच एसटीने परत यायचे, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे यांचा हरण्या आणि त्यांचा बैल एका जुवाखाली.

मी मोठेपणी तात्यांना विचारलं होतं, की हे तुम्हाला जमलं कसं. त्यांना प्रश्नच कळला नाही. "आरं, भांडान माणसाचं. बैलाला काय ठावं बांध कुनाचा?" एवढंच म्हणाले.

पण गोष्ट वाटते तितकी सरळ नव्हती, हे नंतर आत्याकडून कळलं. पैऱ्यात खरी कसोटी लागते ती वाफशाला. पाऊस पडून गेला की रान आधी चिखल असतं, मग वाफशावर येतं, मग टणक होतं. मधल्या दोन-चार दिवसांत पेरणी साधली तर साधली. दोन्ही रानं एकाच वेळी वाफशावर आली तर आधी कोणाचं? वेल्सच्या जुन्या कायद्यांत या भांडणाचा बंदोबस्त लिहून ठेवलाय. सामाईक नांगराने पहिली नांगरलेली पट्टी नांगऱ्याची, दुसरी नांगराचे लोखंड देणाऱ्याची, मग एकेका बैलाच्या मालकाची. सातशे-आठशे वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांनाही एकमेकांचा भरवसा किती होता, ते त्यावरून दिसतं. तात्या आणि त्यांच्या भाऊबंदाने न लिहिता एक नियम केला होता. ज्याचं रान हलकं त्याचं आधी. मुरमाड रान लवकर वाफशावर येतं आणि लवकर वाळतं. काळं रान थांबतं. हलकं रान होतं त्यांचं, काळं आमचं. म्हणजे तीन वर्षं दर वेळी पहिला दिवस त्यांचा. आजीने हे तात्यांना शेवटपर्यंत माफ केलं नाही. एका वर्षी मधेच पावसाची झड लागली आणि आमची पेरणी आठ दिवस लांबली, ती आजी मला १९८८ सालीही काल घडल्यासारखी सांगायची.

त्या दोघांचे बैलही सारखे नव्हते. हरण्या थोराड, त्यांचा बैल वयाने उतरलेला. सारख्या जुवावर बांधले तर म्हाताऱ्याची दमछाक. मग तात्या दांडीचा नाडा जुवाच्या मधोमध न बांधता चार बोटं हरण्याच्या बाजूला सरकवून बांधायचे. जुवाचा लांब तुकडा म्हाताऱ्याकडे, आखूड हरण्याकडे. तराजूतलं गणित आहे साधं. ओढ ज्याच्या जवळ, भार त्याच्यावर जास्त. म्हणजे ज्याच्याशी दावा चालू होता त्याच्या बैलाचं ओझं कमी करायला तात्या आपल्या बैलावर ओझं टाकत होते. यात थोर वगैरे काही नाही. म्हातारा बैल मधेच बसला असता तर औत तात्यांच्याही रानात थांबलं असतं.

आमच्या कचेरीत दर वर्षी मूल्यमापनाचा तक्ता भरावा लागतो. 'टीम प्लेअर आहे का' असा रकाना असतो, एक ते पाच गुण. मी बहुतेकांना चार देतो. पाच दिले तर वरून विचारणा होते आणि तीन दिले तर तो माणूस विचारतो. नाडा चार बोटं सरकवण्याची सोय त्या तक्त्यात नाही.

दावा शेवटी तात्या हरले. बांध दीड हात आमच्या बाजूला सरकला. त्या वर्षीही पैरा झाला.

आपल्या वर्तमानपत्रांना टीमसाठी मराठी शब्द लागला की विदर्भाकडे 'चमू' लिहितात. भारतीय चमू रवाना. मला हा शब्द फार आवडतो, कारण त्याचा हिशेब अफाट आहे. जुन्या सैन्यगणनेत एक हत्ती, एक रथ, तीन घोडे आणि पाच पायदळ म्हणजे एक पत्ती. तीन पत्तींचं सेनामुख, तीन सेनामुखांचा गुल्म, मग गण, वाहिनी, पृतना, आणि पृतनेची तिप्पट म्हणजे चमू. ७२९ हत्ती, ७२९ रथ, २१८७ घोडे, ३६४५ पायदळ. गीतेच्या पहिल्या अध्यायात दुर्योधन द्रोणाचार्यांना पांडवांची 'महती चमू' दाखवतो, तो शब्द हाच. आपण अकरा जणांना आणि पाणी देणाऱ्या राखीव गड्यांना चमू म्हणतो. हत्ती कुठे उतरवतात, कळत नाही.

'कंपू'ची गत उलटी झाली. हा मुळात छावणीचा, 'कॅम्प'च्या जातकुळीतला शब्द. महादजी शिंद्यांच्या पदरी द बॉइन या युरोपीय सेनानीने उभी केलेली कवायती पलटणं म्हणजे कंपू. तोफा, बंदुका, गणवेश असा सगळा सरंजाम. आता साहित्य संमेलनाच्या आवारात चहाच्या टपरीवर चार जण कोंडाळं करून उभे राहिले, की कंपू.

टीमचं मात्र तसं झालेलं नाही. तिचं जू कधी पुरतं उतरलंच नाही. अमेरिकेत घोड्यांच्या टीमा हाकून माल वाहणाऱ्यांना टीमस्टर म्हणत. त्यांची मोठी संघटना १९०३ साली उभी राहिली, आजही आहे. आता ट्रक चालवणारे, गोदामांत काम करणारे तिचे सभासद आहेत, पण बोधचिन्हावर अजून चाक आणि दोन घोड्यांची तोंडं. नावाप्रमाणे ही संघटना टीमची नाही, टीम हाकणाऱ्यांची. पण ते हाकणारेही दिवसाला बारा-चौदा तास मालाच्या मालकाने जुंपलेले असत, म्हणून तर संघटना करावी लागली. हातात कासरा असला म्हणजे मानेवर जू नसतं, असं काही नाही. मधल्या फळीतल्या कुठल्याही साहेबाला हे समजावून सांगावं लागणार नाही.

जुन्या इंग्रजी कायद्यातही 'टीम' होती, आणि तो अर्थ तर मला आमच्याच मजल्यावर घडल्यासारखा वाटतो. तुझ्या गोठ्यातलं जनावर माझं आहे, चोरीचं आहे, असा कोणी दावा केला, तर ज्याच्याकडे ते सापडलं त्याने सांगायचं की मी हे अमक्याकडून घेतलं. मग त्या अमक्याला बोलावायचं. तो म्हणायचा, मी तमक्याकडून. अशी मागे मागे जाणारी साखळी म्हणजे टीम, आणि ती चालवण्याचा हक्क राजा जहागीरदारांना सनदेत लिहून देई. आमच्याकडे रात्री दोन वाजता प्रणाली कोसळते, तेव्हा सकाळच्या बैठकीत नेमकं हेच चालतं. माझ्याकडे ते चाचणीवाल्यांकडून आलं. आमच्याकडे विकासकांकडून. विकासक म्हणतात, आम्हाला लिहून दिलं तसं केलं. लिहून देणारा रजेवर. टीम या शब्दाला हजार वर्षांत फार लांब जावं लागलेलं नाही.

हसू येतं ते इथवर. पुढचं लिहिताना येत नाही.

आमच्या गावापासून बीड जिल्ह्याची हद्द लांब नाही. दिवाळीच्या आगेमागे तिकडून माणसं ऊसतोडीला निघतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. त्यांच्या गटाला टोळी म्हणतात. पण टोळीची मोजणी माणसांत होत नाही, कोयत्यांत होते. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. नुसता गडी किंवा नुसती बाई असेल तर अर्धा कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्याला. एक दिवस काम चुकलं की खाडा, आणि त्याचे पैसे कापतात, कोयत्याचे. म्हणजे दोन जीव, एका हिशेबात जुंपलेले. एक बसला की दुसऱ्याचाही दिवस बुडाला. तात्यांच्या पैऱ्यातही बैल मोजायचे ते जोडीनेच, पण तिथे एक फरक होता. नाडा सरकवायला कोणीतरी होतं, आणि बैल आपला होता.

२०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांच्या बातम्या आल्या. विधान परिषदेच्या उपसभापतींच्या अध्यक्षतेखाली सरकारने समितीही नेमली. कारणं अनेक सांगितली गेली. उसाच्या फडात ना आडोसा ना पाणी, दुखणी अंगावर काढायची, दवाखान्यांतली भीती घालणारी भाषा, आणि पाळीमुळे, दुखण्यामुळे पडणारा खाडा. 'टीम'चा पहिला अर्थ लेकरं होणं आणि दुसरा अर्थ जुंपलेली जोडी, हे शब्दकोशात वाचताना त्या बातम्या मला आठवल्या. कोशात हे दोन अर्थ एकाखाली एक, शांतपणे, क्रमांक घालून दिलेले असतात.

त्या रात्री मी कोश मिटला आणि झोपलो नाही, असं काही झालं नाही. झोप लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला टीमची बैठक होती.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी तात्या बैलांच्या खांद्याला तूप-हळद चोळायचे. वर्षभर जू घासून खांद्यावर घट्टा पडलेला असतो, कातडी जाड, केस गेलेले. तिथे ते बराच वेळ बोटं फिरवायचे. मग पळसाचं पान लावून कानात सांगायचे, "आज आवतन घे, उद्या जेवायला ये." दुसऱ्या दिवशी शिंगांना रंग, बेगड, गोंडे, पाठीवर झूल, पुरणपोळी. त्या दिवशी मानेवर जू ठेवायचं नाही. तिसऱ्या दिवशी औत. आमच्या सहलीला दर वर्षी एका रंगाचे टी-शर्ट वाटतात, पाठीवर कंपनीचं नाव. पहिल्यांदा तो घालून बसमध्ये चढलो तेव्हा मला झुलीची आठवण आली आणि ती मी कोणाला सांगितली नाही.

परवाच्या जेवणाचं एक राहिलं. बिल देऊन सगळे पुढे गेले, मी मागे रेंगाळलो. फेटेवाला वेटर ताटं उचलत होता. विशीतला पोरगा. मी विचारलं, गाव कुठलं. म्हणाला, गेवराईकडं. मग मला पुन्हा चेव आला. जुवाकडे बोट दाखवून म्हटलं, ओळखतोस ना हे?

"हां, जू की. घरी हाय आमच्या." तो वर न बघताच म्हणाला. ताटांची चळत एका हातावर तोलली आणि मग थांबला. "पर दादा, ते उलटं टांगलंय."

मी वर बघितलं. मला काही कळलं नाही.

"पुसायला शिडी लावून चढतो ना मी, तवा दिसतं. मानंवर बसायची बाजू वर गेलीय. घासून अशी गुळगुळीत झालीय, हात लावला की कळतं. मालकाला सांगितलं म्या." तो हसला. "ते म्हणले, असू दे, बल्ब सरळ लोंबत्यात."